हुंडणावळीचा दर आणि मजुराची भाकरी

नाशिक रोड येथील सरकारी छापखान्यात १९२८ साली चलनी नोटा छापण्यास प्रारंभ झाला. तोपर्यंत या देशाच्या नोटा विलायतेत, बँक ऑफ इंग्लंडच्या छापखान्यात तयार होऊन बोटीने इकडे येत असत. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, त्याच नाशकात पंचवटीतील काळाराम मंदिराच्या दारावर अस्पृश्यांचा सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे होते. ज्या रुपयाच्या नोटा तेथून काही मैलांवर छापल्या जात होत्या, त्या रुपयाच्या शतकभराच्या इतिहासावर लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. पदवी मिळविणाऱ्या या विद्वानाला रामाच्या देवळाचे दार मात्र बंद होते. सत्याग्रहाची आठवण महाराष्ट्राने जतन केली, आणि ते योग्यच झाले. परंतु रुपयावरील त्यांच्या कार्याची ओळख आजही अर्थशास्त्राच्या मोजक्या विद्यार्थ्यांपुरतीच राहिली आहे. वस्तुतः या दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याच्या एकाच विचारातून निघालेल्या आहेत. हा विचार ध्यानी घेतल्यावाचून त्यांच्या अर्थशास्त्राचे मर्म कळणार नाही.

डॉ. आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. त्यांच्या जन्माच्या वेळीच रुपया मोठ्या संकटात सापडलेला होता, हा योगायोग पुढे अर्थपूर्ण ठरला. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने सर्व मुलुखात १८० ग्रेन वजनाचा, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला एकच रुपया चालू केला होता. चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि नाणी पाडून घ्यावीत, अशी मुभा सर्वांस होती. साहजिकच चांदीचा जो भाव तोच रुपयाचा भाव, आणि इंग्लंडचे नाणे सोन्याचे असल्यामुळे सोने व चांदी यांच्या परस्परप्रमाणावर रुपया व पौंड यांची हुंडणावळ अवलंबून असे. १८७० पर्यंत हा दर रुपयास सुमारे दोन शिलिंग असा स्थिर होता.

त्यानंतर जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारले, इतर युरोपीय राष्ट्रांनी चांदीची नाणी पाडणे थांबविले, चांदीचा पुरवठाही वाढला, आणि चांदीचा भाव घसरत गेला. १८९२–९३ मध्ये रुपया सव्वा शिलिंगावर आला. या घसरणीने हिंदुस्थान सरकारचे कंबरडे मोडले, कारण दरसाल विलायतेस पाठवावयाचा खर्च, म्हणजे कर्जावरील व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, लष्करी खर्च, हा सर्व पौंडांत चुकता करावा लागे. दीड कोटी पौंड पाठवावयाचे म्हटले तर दोन शिलिंगांच्या दराने पंधरा कोटी रुपये पुरत. सव्वा शिलिंगाच्या दराने त्याच रकमेला चोवीस कोटी रुपये लागत. हा नऊ कोटींचा फरक रयतेच्या करांतूनच भरून काढावा लागे. अखेर २६ जून १८९३ रोजी हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार टांकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्या. भीमराव त्या वेळी दोन वर्षांचे होते.

साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती

एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ मध्ये मॅट्रिक आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन बी. ए. झाल्यावर सयाजीराव महाराज गायकवाडांच्या साहाय्याने ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. एका सुवर्ण पौंडास पंधरा रुपये, म्हणजे रुपयास एक शिलिंग चार पेन्स, हा दर १८९९ पासून स्थिरावलेला असल्यामुळे या रकमेसाठी बडोद्याच्या खजिन्यातून दरमहा सुमारे एकशे बहात्तर रुपये खर्ची पडत. कोलंबियात त्यांनी प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवहार आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्था यांचा अभ्यास केला. सरकारी जमाखर्चाचा आकडा हा शेवटी कोणाच्या तरी खिशातून निघतो व कोणाच्या तरी खिशात जातो, हे सूत्र त्यांच्या सर्व आर्थिक लिखाणात तेव्हापासून दिसते.

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला राहावयास घर मिळाले नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले. ही कथा सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. साडेचारशे रुपये पगारातून काटकसर करून शिल्लक टाकणे आणि लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करणे, हा त्यांचा निश्चय होता. स्वतःची शिल्लक, नवल भथेना या मित्राचे पाच हजार रुपयांचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या आधारे जुलै १९२० मध्ये ते पुन्हा बोटीवर चढले.

त्यांचा प्रवास आणि रुपयाची सर्वांत मोठी उलथापालथ हे एकाच काळात घडले. पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव भडकला आणि रुपयातील चांदीच रुपयाच्या दर्शनी किमतीहून महाग होऊ लागली. सरकारने १९१७ पासून हुंडणावळीचा दर वर वर चढविला. १९२० च्या आरंभी बॅबिंग्टन स्मिथ समितीने रुपयास दोन शिलिंग सोने असा दर सुचविला. समितीतील एकमेव हिंदी सभासद दादिबा दलाल यांनी जुन्या एक शिलिंग चार पेन्सांच्या दराचा आग्रह धरून भिन्नमतपत्रिका जोडली. तिकडे दुर्लक्ष झाले. बाजारात तर रुपया काही दिवस दोन शिलिंग आठ पेन्सांच्याही वर गेला. हा दर टिकविण्यासाठी सरकारने लंडनवरील पौंडांच्या हुंड्या स्वस्तात विकल्या. जानेवारी ते सप्टेंबर १९२० या काळात साडेपाच कोटी पौंड असे खर्ची पडले, आणि तरीही दर कोसळला. १९२१ मध्ये रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास येऊन पोहोचला. चढ्या दरावर विसंबून विलायतेत माल मागविणारे मुंबईचे कित्येक व्यापारी बुडाले. आणि रुपयांत शिल्लक टाकून पौंडांत खर्च करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे काय झाले असेल? दोन शिलिंगांच्या दराने दहा पौंडांना शंभर रुपये लागत. सव्वा शिलिंगाच्या दराने एकशे साठ. हुंडणावळ हा विषय डॉ. आंबेडकरांनी ग्रंथांतून अभ्यासला हे खरे. पण त्याची झळ ज्यांना लागू शकत होती, अशांपैकीच ते एक होते.

रुपयाचा प्रश्न

अशा परिस्थितीत, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसचे दिवस बसून, त्यांनी रुपयावरील प्रबंध लिहिला. ऑक्टोबर १९२२ मध्ये तो विद्यापीठास सादर झाला. त्यातील कठोर निष्कर्ष परीक्षकांना रुचले नाहीत, आणि प्रबंध सुधारून देण्यास त्यांना सांगण्यात आले. १९२३ मध्ये मुंबईस परतून त्यांनी तो पुन्हा पाठविला. त्याच वर्षाअखेर डी. एस्‌सी. पदवी मिळाली. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने तो लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. काही मतांशी आपण सहमत नसल्याचे सांगूनही त्यांनी विवेचनातील ताजेपणाची प्रशंसा केली. ग्रंथ त्यांनी आपल्या मातापित्यांना अर्पण केला.

ग्रंथाचा मुख्य मुद्दा समजावून घेण्यासारखा आहे. टांकसाळी बंद केल्यानंतर देशात सोन्याचे चलन सुरू व्हावे, अशी १८९८ च्या फाउलर समितीची अपेक्षा होती. प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. देशात रुपया आणि नोटाच चालू राहिल्या. सोन्याचा साठा लंडनला ठेवण्यात आला, आणि भारतमंत्र्यांनी विकलेल्या हुंड्यांच्या द्वारे एक शिलिंग चार पेन्सांचा दर सांभाळण्यात येऊ लागला. यास सुवर्ण विनिमय परिमाण असे नाव मिळाले. केंब्रिजचे जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये आपल्या ग्रंथात या व्यवस्थेची मोठी तरफदारी केली होती. सोने खिशात न बाळगताही सोन्याचे सर्व लाभ मिळतात, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. तिशीतल्या डॉ. आंबेडकरांनी नेमक्या या मताला आव्हान दिले. परदेशी हुंडणावळीचा दर स्थिर आहे म्हणून चलन सुदृढ आहे असे मानणे ही चूक होय, असे त्यांनी दाखविले. चलनाची खरी परीक्षा देशातील किमतींच्या स्थैर्यावरून व्हावी. नवे रुपये किती पाडावेत हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर असेल, तर आज ना उद्या ते प्रमाणाबाहेर पाडले जाणार, भाव चढणार, आणि अखेर हुंडणावळही ढासळणार. म्हणून सोन्याचे खरेखुरे चलन असावे, आणि रुपये पाडण्याचा अधिकार जनतेप्रमाणे सरकारलाही नसावा, हा त्यांचा उपाय होता. राज्यकर्त्यांच्या शहाणपणावर विसंबण्यापेक्षा त्यांचे हात नियमाने बांधून ठेवणे बरे, ही त्यामागची दृष्टी पुढे घटनाकाराच्या भूमिकेतही दिसून आली.

कोणाचा नफा, कोणाचा तोटा

१९२५ च्या ऑगस्टमध्ये हिल्टन यंग आयोगाची नेमणूक झाली आणि हुंडणावळीचा वाद राजकीय आखाड्यात उतरला. सरकारला एक शिलिंग सहा पेन्सांचा दर हवा होता. मुंबईचे गिरणीमालक, निर्यातदार आणि बहुतेक राष्ट्रीय पुढारी एक शिलिंग चार पेन्सांसाठी झगडत होते. दर कमी असला म्हणजे पौंडात विकलेल्या कापसाचे, गव्हाचे, तेलबियांचे अधिक रुपये हाती येतात आणि विलायती कापड महाग पडून स्वदेशी गिरण्यांना संरक्षण मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आयोगाच्या अहवालास याच मुद्द्यावर भिन्नमतपत्रिका जोडली. चार पेन्स म्हणजे स्वदेश आणि सहा पेन्स म्हणजे साम्राज्य, असे समीकरण लोकमानसात रुजले होते.

डिसेंबर १९२५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी आयोगापुढे साक्ष दिली. तत्पूर्वी पत्रांतून लेख लिहूनही त्यांनी या विषयाची चर्चा केली होती. त्यांनी दोन्ही बाजूंस न आवडणारा प्रश्न विचारला. दर उतरल्याने होणारा नफा राष्ट्राचा कसा? दर उतरला की देशातील किमती चढतात. परंतु मजुरी किमतींच्या मागून, पुष्कळ अंतर ठेवून चालते. मालकाला माल विकून अधिक रुपये मिळतात, आणि मजुराला देण्याच्या मजुरीत मात्र तेवढी वाढ करावी लागत नाही. म्हणजे मालकाच्या हाती जो जादा पैसा येतो तो परदेशी गिऱ्हाइकाच्या खिशातून आलेला नसून बव्हंशी आपल्याच देशातील मजुराच्या भाकरीतून काढलेला असतो. एका वर्गाचे नुकसान दुसऱ्या वर्गाच्या नावे जमा झाल्याने राष्ट्र श्रीमंत होत नाही. उलटपक्षी दर फार चढविला तर व्यापार व उद्योग यांची कोंडी होते, हेही त्यांना मान्य होते. म्हणून दोन्ही दरांच्या दरम्यान, परंतु चारापेक्षा सहा पेन्सांच्या अधिक जवळ असणारा मध्यम दर त्यांना इष्ट वाटला.

या भूमिकेस लागणारे धैर्य आज सहज ध्यानात येत नाही. सरकारच्या चलनधोरणावर त्यांनी प्रबंधात निर्दय टीका केलेली होती. त्यामुळे सरकारचे हस्तक म्हणून त्यांना बाजूस सारता येत नव्हते. आणि राष्ट्रीय म्हणविणाऱ्या मागणीच्या पोटात कोणाचा स्वार्थ आहे हे त्यांनी उघड सांगितल्यामुळे धनिकांचीही मर्जी राहिली नाही. ज्या समाजात ते जन्मले त्यातील असंख्य माणसे गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत आणि शेतावर रोजंदारीने राबत होती. हुंडणावळीच्या चर्चेत या माणसांच्या बाजूने बोलणारे फारच थोडे होते, आणि त्यांच्यात डॉ. आंबेडकर अग्रभागी होते.

आयोगाने एक शिलिंग सहा पेन्सांचा दर आणि मध्यवर्ती बँकेची स्थापना अशा शिफारशी केल्या. १९२७ च्या कायद्याने दर निश्चित झाला. एका पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै, हे कोष्टक पुढे एका पिढीने पाठ केले. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व बँकेचा कारभार सुरू झाला. या बँकेचे सगळे श्रेय डॉ. आंबेडकरांच्या ग्रंथाला देण्याची प्रथा अलीकडे पडली आहे. ती भक्तिभावाने पडली असली तरी तिने त्यांच्या विचारावर अन्यायच होतो. मध्यवर्ती बँकेची कल्पना त्यांच्या आधीपासून चर्चेत होती. केन्स यांनीही तिचा आराखडा मांडला होता. डॉ. आंबेडकरांचा खरा आग्रह चलननिर्मितीवर मर्यादा घालण्याचा होता, आणि तो आयोगाने त्यांच्या रीतीने मान्य केला नाही. त्यांचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी उसन्या श्रेयाची गरज नाही.

त्यांच्या उपायातील उणीवही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. सप्टेंबर १९३१ मध्ये खुद्द इंग्लंडनेच सुवर्ण परिमाण सोडले, रुपया पौंडाला बांधला गेला, आणि काही वर्षांत सोन्याचे चलन जगातून नाहीसे झाले. सोन्यावर त्यांनी ठेवलेला भरवसा काळाच्या कसोटीला उतरला नाही. रोगाची त्यांची चिकित्सा मात्र टिकून राहिली. अमर्याद चलननिर्मिती, त्यातून भाववाढ, आणि भाववाढीतून दुर्बलांची लूट, हा क्रम स्वतंत्र भारतातही अनेकदा अनुभवास आला.

पुढचा इतिहास

१९२७ नंतर डॉ. आंबेडकरांचे आयुष्य दुसऱ्या रणांगणावर गेले. महाडचे चवदार तळे, नाशिकचा काळाराम, गोलमेज परिषदा. नाशिक जिल्ह्याने दादासाहेब गायकवाडांसारखा सहकारी त्यांना दिला. काळारामाच्या दारावरील लढा वर्षानुवर्षे चालला आणि तरी दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असा निर्धार जाहीर केला. तथापि अर्थशास्त्रज्ञ मागे पडला असे म्हणता येणार नाही. १९३६ मध्ये काढलेला स्वतंत्र मजूर पक्ष, कोकणातील खोती रद्द करण्यासाठी मांडलेले विधेयक, १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खाते, या साऱ्यांत हिल्टन यंग आयोगापुढचाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी उभा राहिला. १९४७ मध्ये रुपयावरील ग्रंथाची नवी आवृत्ती पहिला खंड म्हणून निघाली. पुढचा इतिहास दुसऱ्या खंडात लिहिण्याचा मनोदय होता. राज्यघटनेच्या कामाने आणि ढासळत्या प्रकृतीने तो सिद्धीस गेला नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

न लिहिलेल्या त्या दुसऱ्या खंडाची सामग्री नंतरच्या काळाने भरपूर पुरविली. १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाचेही डॉलरच्या तुलनेत अवमूल्यन झाले. पौंडाशी असलेला दर तसाच राहिला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे स्वतंत्र अवमूल्यन होऊन पौंड २१ रुपयांचा झाला, आणि १९२७ चे जुने कोष्टक इतिहासजमा झाले. पुढच्याच वर्षी पौंडाचे अवमूल्यन होऊन तो १८ रुपयांवर आला. १९७५ मध्ये रुपयाची पौंडाशी असलेली गाठ सुटली. जुलै १९९१ मध्ये रुपया पुन्हा दोनदा उतरविण्यात आला, आणि १९९३ पासून दर बाजारावर सोपविण्यात आला. अलीकडच्या काळात पौंडाने शंभर रुपयांची मजल ओलांडली.

प्रत्येक वेळी चर्चा मात्र जुन्याच वळणाने होते. रुपया घसरला की एक पक्ष राष्ट्राच्या अब्रूचे रडगाणे गातो, दुसरा निर्यातवाढीचा हर्ष मानतो. नाशिक जिल्ह्याला हा प्रश्न पुस्तकी नाही. येथील द्राक्षे युरोपात जातात, लासलगावचा कांदा समुद्रापार जातो. रुपया उतरला की निर्यातदाराच्या हाती अधिक रुपये पडतात. त्यातले बागाईतदाराच्या वाट्याला किती येतात हा पुढचा प्रश्न. त्याच वेळी परदेशातून येणारे खनिज तेल, खते आणि खाद्यतेल महागते. बागाईतदाराला निदान एका हाताने काही मिळण्याची आशा असते. द्राक्षबागेत छाटणीला आणि कांद्याच्या चाळीत निवडणीला येणाऱ्या मजूर बाईच्या वाट्याला मात्र केवळ महागलेले तेल आणि महागलेले बसभाडे येते. तिची रोजंदारी पौंडाच्या भावाने वाढत नाही.

रुपया चढावा की उतरावा, याचे सर्वकाळ लागू पडणारे उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिलेले नाही, आणि तसे उत्तर असूही शकत नाही. दराच्या प्रत्येक फेरफारात लाभ कोणाला आणि भुर्दंड कोणाला, याचा हिशेब आधी मांडावा, आणि ज्याच्या शिरावर भुर्दंड पडतो त्याच्या मजुरीची व्यवस्था धोरण ठरवितानाच करावी, एवढे त्यांच्या साक्षीतून निष्पन्न होते. जवळजवळ शंभर वर्षे लोटली तरी आपल्या अर्थखात्याच्या निवेदनांत हा हिशेब क्वचितच सापडतो. ज्या शहरात देशाच्या नोटा छापल्या जातात आणि ज्या शहरातील देवळाच्या दाराशी हा अर्थशास्त्रज्ञ तिष्ठत उभा राहिला, त्या शहराने तरी तो हिशेब मागत राहिले पाहिजे.